उभ्या डॉक्टरचं हॉल्टिंग

अन्याय डॉ. नाझिया मुकादम यांच्यावर झाला. नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्याच मंगळवारी, सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटांनी. कॅज्युअल्टीच्या कॉम्प्युटरवर त्यांनी पेशंटच्या नावापुढे 'घरी सोडले' या चौकोनात टिक केली, आणि त्यांची पावणेदोन तासांची मेहनत हिशोबातून पुसली गेली. मी शेजारीच उभी होते. माझ्या हातात बादली होती.

बादलीपासूनच सांगते.

आमचं हॉस्पिटल किहीमच्या अलीकडे, मांडव्याला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. खाजगी, चाळीस खाटांचं. नाव लिहीत नाही. घाबरते म्हणून नव्हे, तर असंच एक हॉस्पिटल तुमच्याही घराजवळ असेल म्हणून. मी तिथे इमर्जन्सी डॉक्टर आहे. अपघात, हार्ट अटॅक, साप, विंचू, भाजणं, बुडणं, म्हणजे जे काही वेळ न ठरवता येतं, ते आधी आमच्यासमोर येतं. नाझिया मॅडम माझ्या सिनियर. मूळच्या श्रीवर्धनच्या, या कामात माझ्यापेक्षा आठ वर्षं जुन्या. त्या मला आडनावाने हाक मारतात, घरत.

त्या दिवशी माझी ड्यूटी दुपारी दोनला होती. एका अपघाताचे पोलिसांसाठीचे कागद राहिले होते, म्हणून लवकर आले होते. नऊला पाच कमी असताना रिक्षातून थळचे गजाननकाका उतरले. उतरले म्हणजे, रिक्षावाल्याने त्यांना उतरवलं. पहाटे होडीतून उथळ पाण्यात उडी मारताना त्यांचा पाय पाकटावर पडला होता. पाकट म्हणजे वाळूत लपून बसणारा चपटा मासा. त्याच्या शेपटीत करवतीसारखा काटा असतो आणि काट्यात विष. जखम घोट्याजवळ, बोटाच्या पेराएवढी. पण चाळीस वर्षं समुद्रावर काढलेला माणूस दातात टॉवेल धरून बसला होता.

या विषावर महागडं औषध नाही. औषध आहे गरम पाणी. सोसवेल इतकं गरम, भाजणार नाही असं, थर्मामीटर लावून. विष उष्णतेने निकामी होत जातं आणि कळ उतरते. पण पाणी थंड झालं की कळ परत चढते. म्हणजे दर दहा मिनिटांनी नवीन बादली, आणि बादलीशेजारी सतत एक डॉक्टर. पाय सुजतोय का, श्वास ठीक आहे का, बीपी पडतंय का, काट्याचा तुकडा आत राहिलाय का, हे बघत.

"घरत, उभी काय राहतेस, पाणी आण," मॅडम म्हणाल्या.

गरम पाणी हॉस्पिटलात एकाच ठिकाणी भरपूर असतं, कॅन्टीनच्या चहाच्या बॉयलरमध्ये. मी आठ फेऱ्या मारल्या. कॅन्टीनच्या मावशी पहिल्या दोन बादल्यांना काही बोलल्या नाहीत. तिसरीला त्यांनी वही काढली.

"बाय, पाय शिजवतेस कं काय?" तिसऱ्या बादलीला काकांनी टॉवेल काढून विचारलं, बोलण्याइतका आराम पडला होता.

"अर्धाच शिजवते," मॅडम म्हणाल्या. "रश्श्याचं घरी बघा."

काका हसले. हातातला टॉवेल खाली पडला. डॉक्टरला यापेक्षा चांगला रिपोर्ट मिळत नाही. मग एक्स-रे झाला. काट्याचा तुकडा नव्हता. जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं, पाय कधी परत दाखवायचा ते समजावलं. दाखल करून घ्यायचं काही कारण नव्हतं. पावणेअकराला काका लंगडत, पण स्वतःच्या पायांनी, बाहेर गेले.

जाता जाता त्यांनी विचारलं, "पाण्याचं किती लावलं?"

"पाण्याचं काही नाही."

"आन् तुमचं?"

मॅडम नुसत्या हसल्या. का हसल्या ते मला आठवड्याने कळलं.

आता कोणाला काय मिळालं ते बघा. रिक्षावाला बाहेर थांबला होता, त्याने वेटिंग घेतलं. एक्स-रेवाल्याला प्लेटमागे पैसे असतात, ते त्याला मिळाले. हॉस्पिटलला कॅज्युअल्टीची फी मिळाली. कॅन्टीनने आमच्या डिपार्टमेंटला बिल पाठवलं: 'गरम पाणी, आठ बादल्या.' ते मंजूर झालं. त्या खोलीच्या आसपास उभ्या असलेल्या प्रत्येकाला काही ना काही मिळालं. उपचार करणारीला शून्य.

कारण आमचा करार. त्याला म्हणतात 'मिनिमम गॅरंटी प्लस कन्व्हर्जन'. मिनिमम गॅरंटी म्हणजे महिन्याची किमान ठरलेली रक्कम. कन्व्हर्जन म्हणजे, कॅज्युअल्टीत आलेला पेशंट वरच्या मजल्यावर दाखल झाला की तो 'कन्व्हर्ट' झाला. त्याच्यामागे डॉक्टरला वाटा. जो बरा होऊन घरी गेला, तो शून्य. आणि खालच्या बारीक अक्षरात असं, की तीन महिन्यांचं कन्व्हर्जन ठरलेल्या आकड्याखाली गेलं तर किमान रकमेतूनही एक तृतीयांश कापायची.

मॅडमचं तीन महिन्यांचं कन्व्हर्जन एका केसने कमी भरलं. एका केसने. पुढच्या मंगळवारी पत्र हातात आलं. पुढच्या महिन्यापासून कपात.

त्यांनी पत्राची घडी घातली आणि ॲप्रनच्या खिशात ठेवली. "रोह्याकडच्या कंपनीतून दोनदा फोन आलाय," त्या म्हणाल्या. "महिनाअखेर जाते मी."

त्या गेल्या असत्या तर काय झालं असतं, ते सांगते. उरले असते मी आणि नुकतीच एमबीबीएस झालेली एक मुलगी. पावसाळ्यात मांडव्याहून गेटवेच्या बोटी बंद असतात. सिरियस पेशंटला मुंबईला न्यायचं तर रस्त्यानेच, वडखळवरून. वडखळच्या ट्रॅफिकला ॲम्ब्युलन्स काय आणि नारळाचा टेम्पो काय, सारखेच. पेशंट वाटेत टिकेल की नाही, हे इथे कॅज्युअल्टीत पहिल्या वीस मिनिटांत काय होतं त्यावर ठरतं. ती वीस मिनिटं आमच्याकडे ज्यांना सगळ्यात चांगली येतात, त्या बाई चालल्या होत्या. एका बादलीपायी.

मी तशीच दळवी सरांच्या केबिनमध्ये गेले. दळवी सर आमचे ॲडमिन मॅनेजर.

"सर, गजाननकाकांना दाखल करायची गरजच नव्हती."

"गरज डॉक्टर ठरवतात. मी कधी मध्ये बोललोय?" ते म्हणाले. "पण एक रात्र ऑब्झर्व्हेशनला ठेवलं असतं, तर काय बिघडलं असतं?"

"त्यांचा धंदा बुडला असता. सीझन आत्ता सुरू झालाय."

"त्यांचा धंदा त्यांनी बघावा. मी आपला बघतोय."

"म्हणजे पेशंट लवकर बरा केला ही मॅडमची चूक?"

"चूक कुठे म्हटलं? कन्व्हर्जन नाही, एवढंच म्हटलं. चहा घेणार?"

दळवी सर वाईट माणूस नाहीत. मागच्या वर्षी माझ्या वाढदिवसाचा केक त्यांनीच आणला होता. माणूस बरा आणि त्याचा हिशोबाचा तक्ता वाईट असला की भांडायला फार अडचण होते.

मी चहा घेतला नाही. घरी जाऊन पत्रक लिहिलं. कॉलेजात मी रेसिडेंट डॉक्टरांच्या संघटनेची पत्रकं लिहायचे. माझा हात त्यातच बसलाय: जाड मथळा, तीन मागण्या, शेवटी आवाहन. मथळा दिला, 'वाटा नको, पगार हवा'. पन्नास झेरॉक्स काढल्या आणि सकाळी बायोमेट्रिकच्या मशीनपासून लिफ्टपर्यंत चिकटवल्या.

अकरा वाजता दळवी सरांनी आम्हा दोघींना बोलावलं. मला वाटलं, आता भांडण होणार. त्यांनी हसत हसत एक कागद पुढे केला. "पगार हवाय ना? घ्या. फुल टाइम. रोज बायोमेट्रिक, बाहेर कुठेही काम करायचं नाही, तीन महिन्यांचा नोटीस पिरियड. आहे कबूल?"

मी मॅडमकडे बघितलं. मॅडम माझ्याकडे बघत होत्या, आणि ते बघणं प्रेमाचं नव्हतं.

बाहेर आल्यावर कॅन्टीनमागच्या बाकावर त्यांनी मला बसवलं.

"घरत, तुला कोणी सांगितलं मला पगार हवाय?"

"म्हणजे? कामाचा पगारच असतो ना?"

"महिन्यातले दोन रविवार मी श्रीवर्धनला बसते, आमच्या मोहल्ल्यातल्या दवाखान्यात. या कागदावर सही केली की ते बंद. माझ्या अम्मीचं औषधपाणी त्याच फेरीत होतं. मागण्या लिहायच्या आधी ज्याच्यासाठी लिहितेस त्याला विचारायचं असतं, एवढं तुमच्या संघटनेने शिकवलं नाही?"

शिकवलं होतं. मी विसरले होते. माझी या सगळ्यातली चूक ही. ती मी इथे लिहून ठेवते, कारण इतरांच्या चुकांबद्दल पन्नास झेरॉक्स काढणारीने निदान एक ओळ स्वतःसाठी ठेवावी.

मग मी पहिल्यांदा विचारलं. "मॅडम, तुम्ही इतक्या ठिकाणी काम केलं. कुठे बरं होतं?"

त्यांनी बोटं मोजली नाहीत, चहात खारी बुडवत सांगत गेल्या.

आधी सरकारी ग्रामीण रुग्णालय, कंत्राटी. तिथे पगार शब्दच नाही, मानधन. "मान द्यायचे हां, खोटं कशाला बोलू. धन मात्र रस्त्यात कुठेतरी असायचं." अकरा महिने डॉक्टर, एक दिवस कोणीच नाही, मग पुन्हा नवीन करार. सुट्टी नाही, फंड नाही. पण पेशंटला दाखल कर किंवा करू नको, असं तिथे कोणी कानात सांगितलं नाही.

मग नवी मुंबईतलं मोठं हॉस्पिटल. पक्का पगार, फंड, रजा, सगळं कागदावर. सोबत दोन वर्षांचा बाँड. शिफ्टला इतके पेशंट की नाव विचारायला वेळ नाही. पाच बघा नाहीतर पन्नास, महिन्याला तेवढेच. "तिथे मी नाव विसरले की पेशंटला 'बेड सात' म्हणायला लागले. तेव्हा सोडलं."

मग एका कारखान्याचं मेडिकल सेंटर. कायद्याने मोठ्या कारखान्यात डॉक्टर लागतो. तिथे रिटेनर मिळतो, म्हणजे तयार बसण्याचे महिन्याचे पैसे. "काहीच घडलं नाही तरी पूर्ण. मस्त वाटतं ना? मग एक दिवस एकाचा हात ॲसिडने भाजला. मी रजिस्टर उघडलं. सुपरवायझर म्हणाला, मॅडम, एवढंसं तर आहे, रजिस्टरमध्ये कशाला? अपघात लिहिला की फाटकावरच्या 'अपघाताविना दिवस' या बोर्डाचा आकडा शून्य होतो आणि सगळ्यांचा बोनस जातो."

"लिहिलंत?"

"लिहिलं. महिनाभर कोणी माझ्याशी जेवताना बोललं नाही."

आणि मांडव्याला पोहण्याच्या शर्यती असतात तेव्हा किनाऱ्यावर बसायचं, दिवसाची ठरलेली रक्कम आणि जेवणाचं कूपन. "सगळ्यात प्रामाणिक धंदा तो. कोणी बुडू नये म्हणून पैसे देतात आणि कोणी बुडलं नाही की खूश होतात."

त्यांनी खारीचा शेवटचा तुकडा कपातच बुडवून घालवला. "बघ, डॉक्टर तीच, पेशंट तोच. फक्त पैसे कशाचे मिळतात ते बदलतं. इथे पैसे सांगतात दाखल कर. तिथे सांगतात लिहू नको. आपण आपला हात धरून ठेवतो, हलू देत नाही. पण दहा वर्षं धरून ठेवला की हात दुखतो, घरत."



रविवारी मी उरणला घरी गेले. आमचं जुनं मिठागर कधीच गेलं, आता बाबांचे दोन ट्रेलर बंदरावर चालतात. मी पोचले तेव्हा बाबा ओट्यावर फोनवर होते. त्यांचा आवाज गोड झाला होता, म्हणजे ते चिडले होते.

"शेट, गारी कालपासून तुमच्या गेटवर उभी हाय. माल तुमचा तयार न्हाय, त्यात माजा काय दोष? चोवीस तास फ्री. त्याच्याफुरं हॉल्टिंग लागंल. न्हाय न्हाय, भाऱ्याचं बोलत न्हाय मी. भारं येगलं, हॉल्टिंग येगलं."

फोन ठेवल्यावर मी विचारलं, "बाबा, गाडी हललीच नाही, तरी भाड्याखेरीज पैसे?"

"मंग?" बाबांना माझ्या शिक्षणावरच्या खर्चाची काळजी वाटल्यासारखं दिसलं. "उभी गारी म्हंजी फुकट गारी न्हाय, बाय. ती त्याच्या गेटवर उभी हाय म्हणून दुसऱ्याचा माल भरू शकत न्हाय. आन् डायवर उभ्या गारीत जेवतोच ना? तुमच्या हास्पिटलात उभ्या डाक्टरला काय देतात?"

"पेशंट दाखल झाला तर देतात."

"आन् न्हाय झाला तर?"

"नाही."

"म्हंजी तुमच्यापेक्षा माजा क्लीनर बरा," बाबा म्हणाले आणि आत भाकरी किती झाल्या ते बघायला गेले.

तिथेच ओट्यावर बसून मी दुसरं पत्रक लिहिलं. मथळा नाही, आवाहन नाही, एकच पान. आधी मॅडमना फोनवर वाचून दाखवलं. त्यांनी दोन वाक्यं काढायला लावली, दोन्ही माझी आवडती होती. उरलं ते इतकंच: इमर्जन्सी डॉक्टर कॅज्युअल्टीत असतो तेव्हा तो दुसरीकडे असू शकत नाही. त्याचं असणं हेच काम. म्हणून पैसे ड्यूटीच्या तासाचे. पेशंट दाखल झाला, घरी गेला, की कोणी आलंच नाही, त्याने फरक पडू नये. बाहेर काम करायला बंदी नको. खाली मी एक ओळ ठेवली आणि मॅडमनी ती काढली नाही: 'ट्रान्सपोर्टमध्ये याला हॉल्टिंग म्हणतात.'

सोमवारी दळवी सरांनी आम्हा दोघींसमोर पान वाचलं. शेवटच्या ओळीशी थांबले. चष्मा काढला.

"हे कोणी लिहून दिलं?"

"माझे बाबा ट्रेलर चालवतात. म्हणजे, त्यांचे ट्रेलर आहेत."

"उरणला?"

"हो."

त्यांनी खुर्ची मागे घेतली. मला माहीत नव्हतं, मॅडमनाही नव्हतं. हॉस्पिटलात येण्याआधी दळवी सर बारा वर्षं बंदराजवळच्या कंटेनर यार्डात होते. "अख्खी नोकरी मी हॉल्टिंगची बिलं कापण्यात घालवली, मॅडम," ते मॅडमना म्हणाले. "आता तुम्ही ती मला भरायला सांगताय." मग सवयीने त्यांनी पेन उघडलं. "फ्री टाइम किती?"

"काय?"

"हॉल्टिंग पहिल्या मिनिटापासून कुठेच लागत नाही. फ्री टाइम असतो. शिफ्टचे पहिले दोन तास फ्री धरू."

"चालेल," मॅडम शांतपणे म्हणाल्या. "बाहेर बोर्ड लावा. सकाळी आठ ते दहा डॉक्टरला पैसे मिळत नाहीत, हार्ट अटॅक दहानंतर आणावा."

दळवी सरांनी पेन बंद केलं. हसायचं नव्हतं, पण हसले. "एक तास?"

"सर, पाकटाचा पेशंट नऊला पाच कमी असताना आला होता."

"बरं. फ्री टाइम काढला." त्यांनी पान फाइलमध्ये घातलं. "मालकांना मी हॉल्टिंग म्हणूनच सांगतो. त्यांच्या भावाचे जेसीबी भाड्याने चालतात, त्यांना लगेच कळेल. 'वैद्यकीय नीतिमत्ता' म्हटलं तर मीटिंग लावतील."

मालकांना कळलं. आठवडाभर घासाघीस झाली आणि महिना संपायच्या आत नवीन करार आला. तासाचा दर, दोघींना आणि त्या नवीन मुलीलाही. रात्रीचा थोडा जास्त. बाहेरच्या कामावर बंदी नाही. कपातीचं पत्र मागे घेतलं. रोह्याच्या कंपनीला मॅडमनी नाही कळवलं.

सगळं मिळालं असं सांगून मी तुम्हाला फसवणार नाही. दाखल पेशंटमागचा वाटा गेला, म्हणजे डिसेंबरात पर्यटकांची गर्दी होते तेव्हा जे जास्तीचे मिळायचे ते आता मिळणार नाहीत. "डिसेंबरात मी तुला शिव्या घालणार आहे," असं मॅडमनी आधीच सांगून ठेवलंय. कन्व्हर्जनचा रकाना दळवी सरांच्या स्क्रीनवर अजून आहे, फक्त आमच्या नावांपुढून गेलाय. आणि त्या मंगळवारचे पावणेदोन तास शून्यच राहिले. जुना करार, जुना हिशोब. गरम पाण्याच्या आठ बादल्यांचे पैसे मात्र कॅन्टीनला वेळेवर पोचले.

मी शिकले ते एवढंच, की डॉक्टरला पैसे कशाचे मिळतात हे त्याने घेतलेल्या शपथेइतकंच महत्त्वाचं असतं, आणि भिंतीवर फ्रेम फक्त शपथेची लावतात.

म्हणून तुमच्याकडून मला एक गोष्ट हवी आहे. वर्गणी नको, सही नको. या आठवड्यात, घरात सगळे धडधाकट असताना, तुमच्या जवळच्या कॅज्युअल्टीच्या काउंटरवर जा आणि विचारा: इथल्या इमर्जन्सी डॉक्टरला मला दाखल केल्याचे पैसे मिळतात, की इथे हजर असण्याचे? काउंटरवरची मुलगी मॅनेजरला बोलावेल. मॅनेजर चहा विचारेल. चहा घ्या, पण उत्तर लेखी मागा, आणि ते मिळेपर्यंत तिथून हलू नका. उभं राहण्याचेही पैसे होतात, हे त्यांना आता तुमच्याकडून कळू दे.